राउटरशेजारची पेटी

तोक्योच्या पूर्वेकडचा एदोगावा वॉर्ड ही जपानमधली भारतीयांची सर्वांत मोठी वस्ती. २००० सालाच्या आगेमागे संगणक अभियंते इथं राहायला आले, ते निशी-कासाई स्टेशनावरून ओतेमाचीच्या बँका-कचेऱ्यांत गाडी न बदलता जाता येतं म्हणून. मागोमाग किराणा आला, शाळा आल्या, माणसं टिकली. मराठी घरंही त्यांत बरीच आहेत. मे २०१९ मध्ये या वॉर्डानं एक पूरनकाशा काढला आणि त्याची देशभर चर्चा झाली, कारण मुखपृष्ठावरच रहिवाशांना बजावलं होतं, की इथं थांबू नका. वॉर्डाचा सुमारे ७० टक्के भाग भरतीच्या वेळी समुद्राच्या पातळीखाली असतो. मोठा पूर आला तर पाणी ओसरायला एक-दोन आठवडे लागू शकतात, तेव्हा वेळीच वॉर्डाबाहेर पडा, असा त्याचा सरळ अर्थ.

बाहेर पडताना पासपोर्ट, रेसिडेन्स कार्ड आणि औषधं पिशवीत टाकायचं बहुतेकांना सुचतं. राउटरशेजारी लुकलुकणारी पेटी मात्र तिथंच राहते. मुलांच्या बारशापासूनचे फोटो, आजोबांच्या पंच्याहत्तरीचं चित्रीकरण, करपत्रं, घराची कागदपत्रं, जुन्या कॅसेटवरून उतरवून घेतलेली आजीची ओवी, सगळं त्या पेटीत असतं. तिला नेटवर्क अटॅच्ड स्टोरेज किंवा थोडक्यात नॅस म्हणतात. आत एक किंवा जास्त हार्ड डिस्क, एक छोटा संगणक, आणि घरातल्या सगळ्या फोन-लॅपटॉपना वायफायवरून दिसणारा सामाईक साठा. महिन्याचं भाडं नाही आणि फोटो आपल्याच घरात, म्हणून लोक ती घेतात.

जपानला या पेट्यांची सवय जुनी आहे. नागोयाची बफेलो कंपनी माकोतो माकी यांनी १९७५ मध्ये मेल्को या नावानं सुरू केली, तीही संगणकासाठी नव्हे तर ध्वनियंत्रं बनवायला. कानाझावाची आयओ डेटा १९७६ ची. बफेलोच्या लिंकस्टेशन आणि आयओ डेटाच्या लॅनडिस्क या पेट्या इथल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत भाताच्या कुकरइतक्या सहज मिळतात. हौशी मंडळी तैवानच्या सिनॉलॉजी किंवा क्यूनॅपकडे वळतात, कारण त्यांत रिकामी पेटी घेऊन ड्राइव्ह आपल्या पसंतीच्या घालता येतात.

पेटी कोणतीही असो, ती भरते. फोननं घेतलेला फोर-के व्हिडिओ मिनिटाला दीडशे एमबीच्या वर जातो. तासाभराच्या स्नेहसंमेलनाचे दहा जीबी सहज होतात. एके दिवशी फोनवर सूचना येते, की जागा संपत आली. मग माणूस मोठी ड्राइव्ह घ्यायला निघतो. खरे धोके इथूनच सुरू होतात, कारण पेटी वर्षानुवर्षं स्वस्थ बसलेली असताना जेवढी सुरक्षित असते, तेवढी ड्राइव्ह बदलण्याच्या दिवशी नसते.

आधी त्या ड्राइव्हबद्दल थोडं, कारण तिच्यात जपानचा वाटा मोठा आहे. १९५६ ची आयबीएमची पहिली हार्ड डिस्क ५० तबकड्यांची होती आणि त्यांत जेमतेम पन्नास लाख अक्षरं मावत. पुढची अनेक दशकं तबकडीवरचे चुंबकीय कण आडवे मांडले जात होते. ते आणखी बारीक करत गेलं, की शेजारशेजारचे कण एकमेकांना ढकलायला लागतात आणि नोंद पुसट होते. सेंदाईच्या तोहोकू विद्यापीठातले शुनइची इवासाकी यांनी १९७० च्या दशकात वेगळाच मार्ग मांडला: चुंबकीकरणाची दिशा आडवी न ठेवता तबकडीला काटकोनात, उभी ठेवायची. लोकलच्या डब्यात झोपून प्रवास करणारे चारच मावतील, उभे राहिले तर शंभर, तसाच हा प्रकार. उद्योगाला ते पचायला जवळजवळ तीस वर्षं लागली. २००५ मध्ये तोशिबानं उभ्या नोंदीची पहिली ड्राइव्ह बाजारात आणली, तीही खिशातल्या गाणी वाजवायच्या यंत्रासाठी. इवासाकींना २०१० चा जपान पुरस्कार मिळाला. आज आपल्या पेटीतली प्रत्येक हार्ड डिस्क याच तत्त्वावर चालते. ती फिरवणारी मोटर बहुधा क्योतोच्या निदेक कंपनीची असते; या मोटरींच्या जागतिक बाजारात निदेकचा वाटा कित्येक वर्षं निम्म्याहून कितीतरी जास्त राहिला आहे. २०११ च्या पावसाळ्यानंतर थायलंडमध्ये पूर आला, तिथले मोटर आणि ड्राइव्हचे कारखाने पाण्याखाली गेले आणि जगभर हार्ड डिस्क महागल्या. त्या काळात पुण्यात ड्राइव्ह घ्यायला गेलेल्यालाही तो पूर खिशातून जाणवला.

मिनिटाला ७,२०० फेरे घेणाऱ्या साडेतीन इंची तबकडीची कड ताशी सुमारे १३० किलोमीटर वेगानं जात असते आणि तिच्यावरून वाचणारं डोकं काही नॅनोमीटर अंतरावर तरंगत असतं. हे यंत्र कधीतरी बंद पडतं, यात आश्चर्य नाही. इतकी वर्षं चालतं याचंच आहे. लाखो ड्राइव्ह वापरणारी अमेरिकेतली बॅकब्लेझ कंपनी तिचे आकडे जाहीर करते. त्यानुसार वर्षाला साधारण दीड टक्का ड्राइव्ह मरतात. म्हणजे एका घरात दोन ड्राइव्ह सहा-सात वर्षं चालवल्या, तर त्यांपैकी एखादी जाण्याची शक्यता दुर्लक्ष करण्यासारखी नाही.

खरेदीला तोक्योच्या आकिहाबारा बाजारात जा नाहीतर नेटवरून मागवा, खोक्यावरच्या टीबीच्या आकड्याइतकंच दुसऱ्या एका गोष्टीकडं बघायचं. काही ड्राइव्हमध्ये जागा वाढवण्यासाठी नोंदींचे पट्टे एकमेकांवर थोडे चढवलेले असतात. त्याला एसएमआर म्हणतात. वाचायला अडचण नाही, पण एक पट्टा पुन्हा लिहायचा झाला तर शेजारचेही उचलून पुन्हा लिहावे लागतात. रोज थोडंथोडं लिहिताना हे कळत नाही. ड्राइव्ह बदलून सगळा साठा नव्यानं भरताना ती रखडते, आणि कधीकधी इतकी रखडते, की पेटी तिला मेलेली समजून बाहेर काढते. एप्रिल २०२० मध्ये वेस्टर्न डिजिटलनं मान्य केलं, की नॅससाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या तिच्या रेड मालिकेतल्या काही ड्राइव्ह याच पद्धतीच्या आहेत. ग्राहकांनी गदारोळ केल्यावर जुन्या, सुट्या पट्ट्यांच्या, म्हणजे सीएमआर ड्राइव्हना रेड प्लस असं वेगळं नाव मिळालं. तेव्हा दुकानात सीएमआर आहे ना, एवढं विचारूनच घ्यावी. दोन घ्यायच्या असतील तर शक्य तो वेगवेगळ्या दिवशी किंवा वेगळ्या दुकानातून, म्हणजे एकाच खेपेतल्या दोषाला दोन्ही बळी पडणार नाहीत. आकिहाबारात पिशवीत घालून विकल्या जाणाऱ्या बल्क ड्राइव्ह स्वस्त असतात, पण त्यांची हमी बहुधा फक्त दुकानाची असते. पुण्याला परतायचा बेत असलेल्यांनी हे ध्यानात ठेवावं. आणि ८ टीबीची ड्राइव्ह संगणकावर ७.२७ दिसली म्हणून भांडू नये; कारखानदार हजारानं मोजतो, संगणक १,०२४ नं.

आता प्रत्यक्ष बदल. दोन खणांची पेटी, दोन्हींत सारखाच मजकूर, म्हणजे एक ड्राइव्ह गेली तरी दुसरी चालू राहते: घरांमध्ये बहुतेक हीच मांडणी असते आणि तिला रेड वन (RAID 1) म्हणतात. एकेक ड्राइव्ह काढून मोठी घालत जायचं, साठा बंद न पडता पेटी मोठी होते, असं माहितीपत्रकात लिहिलेलं असतं. ते खरंही आहे. त्यात लिहिलेलं नसतं ते असं: पहिली ड्राइव्ह बाहेर काढली, की नवी पूर्ण भरेपर्यंत तुमचा सगळा संसार एकाच जुन्या ड्राइव्हवर उभा असतो, आणि ती नेमकी त्याच वेळी पहिल्या पट्ट्यापासून शेवटच्या पट्ट्यापर्यंत वाचली जात असते. एरवी वर्षानुवर्षं कुणी न उघडलेल्या फोल्डरांखालचे खराब झालेले भाग नेमके तेव्हाच सापडतात.

म्हणून आधी पेटीच्या सेटिंगमध्ये जाऊन दोन्ही ड्राइव्हचं आरोग्य बघावं. स्मार्ट नावाच्या तक्त्यात वीसेक ओळी असतात. त्यांतल्या दोन महत्त्वाच्या. पाचव्या क्रमांकाची ओळ सांगते, की किती खराब तुकड्यांना आजवर दुसरी जागा दिली आहे. १९७ क्रमांकाची सांगते, की किती तुकडे वाचता येत नाहीत म्हणून ताटकळत आहेत. दोन्हीकडं शून्य असेल तर छान. एखाद्या ड्राइव्हच्या १९७ मध्ये आकडा असेल तर आधी तीच काढावी आणि निरोगी असेल ती ठेवावी. मग प्रत्येक ड्राइव्हचा सीरियल नंबर आणि ती कोणत्या खणात आहे हे कागदावर लिहून पेटीला चिकटवावं. या क्षेत्रातला सर्वांत जुना अपघात कोणता, तर बिघडलेली ड्राइव्ह समजून चांगली ओढून काढणं.

तोक्योचा हिवाळा कोरडा. जानेवारी-फेब्रुवारीत दाराच्या मुठीला हात लावला तरी चटका बसतो. तोच चटका ड्राइव्हच्या उघड्या हिरव्या पाटीला बसला तर ती संपते, म्हणून आधी एखाद्या धातूला हात लावून घ्यावा आणि स्वेटर काढून ठेवावा. पेटीचं झाकण उघडलं, ट्रे ओढला, की पेटी बीप-बीप करत ओरडायला लागते. घाबरायचं कारण नाही, दोनातली एक गेली एवढंच ती सांगते आहे. चार स्क्रू काढून जुनी ड्राइव्ह बाजूला, नवी ट्रेमध्ये, ट्रे आत. थोड्या वेळानं दिवा लुकलुकायला लागतो आणि भरणं सुरू होतं. १६ टीबीची ड्राइव्ह सेकंदाला २०० एमबीच्या वेगानं सलग भरली तरी २२ तास लागतात, आणि घरातलं कुणी त्याच वेळी सिनेमा बघत असेल तर दोन दिवस. या काळात पेटी हलवायची नाही, बंद करायची नाही, आणि तैफूनचा इशारा असलेल्या आठवड्यात हे काम काढायचंच नाही.

पहिली भरल्यावर जागा तेवढीच दिसते. दुसरीही बदलून भरल्यानंतर पेटीला साठा वाढवायला सांगावं लागतं, तेव्हा आकडा वाढतो. काही स्वस्त घरगुती पेट्यांमध्ये ही सोयच नसते. मोठी ड्राइव्ह बसते पण जुन्या आकाराचीच वापरली जाते, आणि जागा वाढवायची तर सगळं पुसून नव्यानं मांडावं लागतं. विकत घेण्याआधी आपल्या मॉडेलचं माहितीपत्रक वाचलं तर हा धक्का बसत नाही.

पहिली काढलेली जुनी ड्राइव्ह टाकायची नाही. रेड वनमध्ये ती त्या घटकेपर्यंतची पूर्ण प्रत आहे. तारीख लिहून कपाटात ठेवावी. कुतूहल म्हणून ती विंडोजच्या लॅपटॉपला जोडू नये, कारण आतली मांडणी बहुधा लिनक्सची असते, विंडोजला ती वाचता येत नाही, आणि तो साळसूदपणे विचारतो, ही डिस्क फॉरमॅट करू का? घाईत 'हो' दाबणारे पुष्कळ आहेत.

एवढं सगळं नीट पार पडलं, तरी या पेटीला बॅकअप म्हणता येत नाही. दोन ड्राइव्हवर एकच गोष्ट असणं हे ड्राइव्ह मेल्यावरचं औषध आहे. चुकून पुसलेल्या फोल्डरवर त्याचा उपयोग नाही, कारण तो फोल्डर दोन्हींवरून एकाच क्षणी जातो. जपाननं हा धडा फार महागात घेतलेला आहे. २० जून २०१२ ला ओसाकाच्या फर्स्ट सर्व्हर या कंपनीत सुरक्षेची एक दुरुस्ती सर्व्हरवर चढवण्यात आली. ती चढवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये जुन्या कामातली फाइल पुसण्याची आज्ञा तशीच राहिली होती आणि ती कोणत्या सर्व्हरपुरती हे सांगणारी ओळ नव्हती. वर, मूळ सर्व्हर आणि बॅकअप यांच्यात तफावत राहू नये म्हणून दोन्हींवर ती एकदमच चढवली गेली. पाच हजारांहून अधिक ग्राहकांची संकेतस्थळं, मेल आणि हिशेब गेले. काही फाइली सापडल्या, पण एकाच्या दुसऱ्यात मिसळलेल्या, म्हणून त्याही देता आल्या नाहीत.

क्योतो विद्यापीठातली घटना याहून शिकवणारी आहे. १४ ते १६ डिसेंबर २०२१ या काळात तिथल्या महासंगणकाच्या साठ्यातून ७७ टीबी, म्हणजे सुमारे ३ कोटी ४० लाख फाइली पुसल्या गेल्या. १४ संशोधनगटांना झळ बसली. त्यांपैकी चार गटांचं बॅकअपमधूनही परत आणता आलं नाही. कुणी हल्ला केला नव्हता. पुसणारा प्रोग्रॅम बॅकअपचाच होता. दहा दिवसांहून जुन्या नोंदवह्या साफ करणं हे त्याचं काम. यंत्रणा पुरवणाऱ्या हेवलेट पॅकार्ड एंटरप्राइझच्या जपानी कंपनीनं तो वाचायला सोपा व्हावा म्हणून आतल्या काही नावांत बदल केले आणि जुना प्रोग्रॅम चालू असतानाच नवी आवृत्ती त्याच्यावर ठेवली. बॅश नावाची आज्ञावली प्रोग्रॅम आधी पूर्ण वाचून घेत नाही, चालताचालता पुढचं वाचते. अर्ध्यातून पुढं तिला नवा मजकूर दिसला, त्यातली नावं तिनं कधी ऐकलीच नव्हती, त्यामुळे जिथं नोंदवह्यांच्या फोल्डरचा पत्ता हवा तिथं काहीच उरलं नाही. साफसफाई मग मुख्य साठ्याचीच झाली. कंपनीनं जबाबदारी पूर्णपणे स्वीकारली. महासंगणक सांभाळणाऱ्या व्यावसायिकांच्या हातून हे होतं, तर रविवारी दुपारी जेवणानंतर ड्राइव्ह बदलायला बसलेल्या माणसाकडून काय होणार नाही?

मुद्दा असा, की बॅकअपची प्रत मूळ साठ्याला सतत जोडलेली असेल तर तिच्यावरही तेच संकट येतं. तोकुशिमा प्रांतातल्या त्सुरुगी या डोंगराळ गावच्या हांदा रुग्णालयात ३१ ऑक्टोबर २०२१ च्या मध्यरात्रीनंतर प्रिंटर आपोआप खंडणीच्या चिठ्ठ्या छापायला लागले. सुमारे ८५ हजार रुग्णांच्या नोंदी कुलूपबंद झाल्या. बॅकअप होता, पण त्याच नेटवर्कवर होता, तोही कुलूपबंद झाला. कागदावर केसपेपर लिहीत डॉक्टरांनी दोन महिने काढले. नेहमीचं काम ४ जानेवारी २०२२ ला सुरू झालं. त्याच महिन्यात डेडबोल्ट या टोळीनं घराघरांतल्या क्यूनॅप पेट्यांवर हल्ला केला आणि फोटो परत हवे असतील तर ०.०३ बिटकॉइन मागितले. सापडल्या त्या पेट्या थेट इंटरनेटवर उघड्या ठेवलेल्या होत्या. पुण्याहून आजी-आजोबांना फोटो दिसावेत म्हणून राउटरमध्ये सरळ भोक पाडून ठेवणाऱ्यांनी ते आजच बुजवावं आणि व्हीपीएन वापरावा. पेटीत स्नॅपशॉटची सोय असेल तर ती चालू करावी. तिच्यामुळे कालची, परवाची स्थिती परत आणता येते.

म्हणजे निदान एक प्रत अशी हवी, की जी एरवी कशालाच जोडलेली नाही. यूएसबीची साधी बाहेरची डिस्क पुरते: महिन्यातून एकदा जोडायची, भरायची, काढून ड्रॉवरमध्ये ठेवायची. आळशी वाटणारी ही पद्धत हांदाच्या त्या रात्री उपयोगी पडली असती.

आणि एक प्रत दूर. जपानमध्ये दूर म्हणजे किती, हे २०११ च्या ११ मार्चनं शिकवलं. त्सुनामीनं मियागीतल्या मिनामीसानरिकू आणि ओनागावा, इवातेतल्या रिकुझेनताकाता आणि ओत्सुची या चार गावांची कोसेकी, म्हणजे जन्म, लग्न, दत्तक, मृत्यू यांची कुटुंबनोंदवही, समूळ नेली. माणसं गेली होतीच. ती होती याचा कागदही गेला. वाचवलं ते एका जुन्या नियमानं: या नोंदींची दुसरी प्रत न्यायखात्याच्या विभागीय कचेरीत ठेवायची. मिनामीसानरिकूची प्रत होती केसेन्नुमा शहरात, आणि त्या कचेरीतही पाणी शिरलं. कागद थोडक्यात बचावले. त्यांवरून एप्रिल २०११ अखेर चारही गावांच्या नोंदी पुन्हा उभ्या राहिल्या. पण सरकारला कळून चुकलं, की एकाच किनाऱ्यावरची दोन गावं म्हणजे दोन जागा नव्हेत, आणि वर्षातून एकदा पाठवलेली प्रत पुरेशी नाही. २०१३ पासून या नोंदी रोज दूरच्या केंद्रात पाठवण्याची व्यवस्था झाली.

त्याच चिखलात लोकांना फोटोंचे अल्बम सापडत होते. फुजीफिल्मनं ते पाण्यात धुऊन वाळवण्याची पद्धत लोकांना शिकवली, स्वयंसेवकांनी ढिगांनी फोटो धुतले, आणि रासायनिक पद्धतीनं छापलेले कित्येक फोटो वाचले. समुद्राचं पाणी प्यालेल्या हार्ड डिस्कवर घरात असा काही इलाज चालत नाही.

परदेशातल्या मराठी घराला दूरची जागा शोधायला कुठं जावं लागत नाही. ती कोथरूडला, डोंबिवलीला नाहीतर सांगलीला असते. छायाचित्रकार पीटर क्रो यांनी लोकप्रिय केलेला ३-२-१ चा नियम सांगतो, की प्रती तीन, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि एक घराबाहेर. आपल्याला हा नियम दरवर्षीच्या भारतफेरीत पाळता येतो. एक बाहेरची डिस्क तोक्योत भरायची, पासवर्डनं कुलूपबंद करायची, हातातल्या सामानातून न्यायची आणि गेल्या वर्षी ठेवलेली परत आणायची. ज्यांना रोजची प्रत हवी त्यांनी पुण्यात दुसरी पेटी ठेवावी. दोन टीबी नेटवरून पाठवायचे तर १०० एमबीपीएसची लाइन पूर्ण वेगानं चालूनही ४४ तास लागतात. म्हणून ती पेटी आधी तोक्योत, त्याच टेबलावर, केबलनं पूर्ण भरून घ्यावी आणि मग न्यावी. पुढं रोज रात्री फक्त नवे फोटो जातात. तिकडं २३० व्होल्ट आहेत, जपानी बाजारातल्या काही पेट्या फक्त १०० व्होल्टवर चालतात. पाठीमागची पाटी वाचल्याशिवाय प्लग लावू नये. वीज जाणं-येणं चालू असतं, तेव्हा छोटा यूपीएस घ्यावाच. आईबाबांना एवढंच सांगायचं, की पाहुण्याचा फोन चार्ज करायला या पेटीचा प्लग काढू नका.

एका गोष्टीचा मात्र बॅकअप होत नाही: टीव्हीवरच्या रेकॉर्डिंगचा. जपानी टीव्हीला जोडलेल्या डिस्कवरचे कार्यक्रम त्या टीव्हीच्याच किल्लीनं बंद असतात. टीव्ही बदलला, की डिस्क धडधाकट असूनही निरुपयोगी. २००८ पासून नऊ प्रती आणि एक स्थलांतर एवढी मुभा आहे, तीही ठरावीक यंत्रांतच. मुलांचे कार्टून गेले तर गेले म्हणावं.

शेवटी जुन्या ड्राइव्ह. डिसेंबर २०१९ मध्ये कानागावा प्रांताच्या सरकारी कागदपत्रांनी भरलेल्या ३ टीबीच्या १८ हार्ड डिस्क नेटवरच्या लिलावात विकल्या गेल्याचं उघड झालं. भाड्यानं घेतलेले सर्व्हर परत करताना प्रांतानं त्या साध्या पद्धतीनं कोऱ्या केल्या होत्या. त्या नष्ट करायचं काम ज्या कंपनीला मिळालं, तिथल्या कर्मचाऱ्यानं चोरून विकल्या. एका खरेदीदारानं बाजारात मिळणारं साधं सॉफ्टवेअर चालवलं आणि फाइली बाहेर आल्या. साधं फॉरमॅट केलं म्हणजे पुसलं असं होत नाही. फक्त अनुक्रमणिका फाडली जाते. ड्राइव्ह विकायची असेल तर आधी संपूर्ण पृष्ठभागावर शून्यं लिहून घ्यावीत, त्याला रात्र लागते. टाकायची असेल तर तोक्योत डोळ्यांदेखत ड्राइव्हला भोकं पाडून देणारी दुकानं आहेत, थोड्या पैशांत काम होतं.

पण विकायची किंवा फोडायची घाई तरी कशाला? काढलेल्या दोन ड्राइव्हच्या स्मार्ट तक्त्यात ते दोन आकडे शून्य असतील, तर यूएसबीचं कवच आणून एकीला त्यात बसवा, नव्यानं फॉरमॅट करून पेटीतलं सगळं तिच्यावर उतरवा आणि पुढच्या फेरीत घरी नेऊन ठेवा. नेण्याआधी तिच्यातले पाच-सहा फोटो दुसऱ्याच संगणकावर उघडून बघा. आणि यंदा पैसे एकाच गोष्टीला पुरत असतील, तर मोठ्या ड्राइव्ह पुढच्या वर्षी घ्या. भरलेली पेटी वर्षभर कळ काढते. दूरची प्रत आधी करा.